काचेखालचे सहा तास

रुग्णालयाच्या लिफ्टच्या दारात तिच्या ऑक्सिजनच्या गाडीचं चाक अडकलं. आतल्या निळ्या कपड्यांतल्या तरुणाने वाकून ते सोडवलं.

"कुठे जायचंय?"

"जिथे श्वास मिळेल तिथे," ती धापा टाकत म्हणाली.

"मग माझ्याकडेच! मी फुप्फुसंच सांभाळतो."

तो खरंच रोपण होईपर्यंत दात्यांची फुप्फुसं यंत्रावर जिवंत ठेवायचा. आजारापूर्वी ती पोहायला शिकवायची. आता मात्र चार पायऱ्यांत डोळ्यांपुढे अंधारी. दर सोमवारी ती तपासणीला आली, की तो कुठूनतरी टपकायचा. "योगायोग!" म्हणायचा. सोबत आलेले तिचे बाबा खाकरायचे, ती लाजायची.

नव्या फुप्फुसांची वाट बघण्याच्या आठव्या महिन्यात, एका दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फुप्फुसं मिळालीत. पण दात्याच्या रक्तात 'सी' प्रकारच्या काविळीचा विषाणू आहे. तासाभरात हो की नाही ते सांगा."

बाबांनी सहीचं पेन उघडलं, पुन्हा मिटलं.

तेवढ्यात तो धावत आला.

"फुप्फुसं सहा तास काचेच्या झाकणाखाली ठेवीन. आतून द्रावाने धूत राहायचं, त्या द्रावावर अतिनील प्रकाश सोडायचा… विषाणू निकामी होतात."

"सगळे?"

"…बहुतेक. उरले तर बारा आठवडे गोळ्या आहेत. खोटं नाही बोलणार."

"मग हे सांगायला तुम्ही स्वतः का धावत आलात?"

"आजवर कुणासाठी करतोय, हे कधी माहीत नसायचं…" तो खाली बघत म्हणाला. "आज माहीत आहे."

तिने बाबांच्या हातून पेन घेतलं आणि सही केली.

शस्त्रक्रिया निभावली. पण पुढे प्रत्येक रक्ततपासणीला जीव टांगणीला. तिसऱ्या आठवड्यात विषाणू सापडलाच! गोळ्या सुरू झाल्या. रात्र रात्र ती स्वतःचा श्वास ऐकत पडायची — हा आपला, की त्या विषाणूचा? तो रोज यायचा, खुर्ची ओढून बसायचा.

गोळ्या संपून तीन महिने झाले, शेवटचा रिपोर्ट आला. पाकीट तिच्या मांडीवर तसंच.

"आधी ऐका," ती म्हणाली. "आत काहीही असो… तू मला आवडतोस."

तो दचकला. "अहो—"

"अहो काय! मी 'तू' म्हटलं ना?"

"मग… उघड ना गं. मला बघवत नाहीये."

तिने उघडलं. अक्षरं नाचत होती. तिने कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तीनदा वाचलं.

"नाहीये," तो म्हणाला. "विषाणू नाहीये…"

आणि तिच्या खांद्यावर कपाळ टेकून तो मुसमुसून रडायला लागला.