सातव्या मजल्याचं बटण

लिफ्टचं दार मिटता मिटता एक हात आत आला आणि दचकून हारिमच्या हातातली पिशवी निसटली. वीसेक जुने टेनिसचे बॉल टणाटण उड्या मारत लिफ्टभर पसरले.

हात ज्याचा होता तो तरुण आत शिरला. अंगाला ताज्या पावाचा वास, एका भुवईवर पिठाचा पांढरा ठिपका. त्यानं पाचचं बटण दाबलं आणि गुडघ्यांवर बसून बॉल गोळा करायला लागला.

हारिमची नजर त्या बटणावर खिळली. पाचव्या मजल्यावर चारच घरं, आणि त्यातल्या तीन घरांतली माणसं तिच्या ओळखीची होती. उरलं ते पाचशेचार, बरोबर तिच्या घराखालचं.

पाचशेचार म्हणजे तिच्या दाराला चिकटवलेली ती चिठ्ठी. ‘सकाळी नऊ ते दुपारी दोन मी झोपतो. कृपया खुर्ची सरकवू नये.’ अक्षर इतकं सुबक, की तिनं दाराला लगेच दुसरी कडीही लावली होती. रागानं खरडलेली चिठ्ठी परवडली. थंड डोक्याच्या माणसाचं काही सांगता येत नाही. दक्षिण कोरियातल्या या देगू शहरात वरच्या-खालच्या मजल्यांची भांडणं कुठल्या थराला जातात, ते ती बातम्यांत पाहत होतीच. चिठ्ठीनंतर त्यानं इमारतीच्या ऑफिसात दोनदा तक्रारही केली होती. आणि हारिम राहायची ते घर ज्यांच्या नावावर होतं ते मोठे काका फोनवर स्वच्छ म्हणाले होते, "तिसरी तक्रार आली, की आईला वृद्धाश्रमात ठेवणार. शेजाऱ्यांपुढे वाकून वाकून माझी पाठ गेली."

खुर्ची सरकवायची ती सुनबोक आजी, काकांची आई. खुब्याच्या ऑपरेशननंतर मिळालेला वॉकर तिनं एका दिवसात बाल्कनीत टाकून दिला होता. "असली थेरं आजारी माणसांची!" असं म्हणून ती जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची पुढे ढकलत घरभर फिरायची. स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर. किर्रर्र... किर्रर्र... ती खुर्ची म्हणजे आजीचे पाय होते. ते कसे बांधून ठेवायचे?

"टेनिस खेळता?" त्यानं खालूनच विचारलं.

"अं? हो... खेळते ना."

त्यानं एक बॉल डोळ्यांजवळ नेला. बॉलला मधोमध फुलीसारखी चीर होती. खुर्चीचा पाय आत जावा म्हणून टेनिसच्या मैदानावरच्या सरांनी ती मारून दिली होती.

"आणि ही चीर?"

"ती... पकड चांगली बसावी म्हणून. नवीन पद्धत आहे."

"अच्छा!" तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की तिला आणखीनच भीती वाटली. "मी इन्सू. बेकरीत रात्रपाळीला असतो. तुमचा कितवा मजला?"

सहावर टेकायला निघालेलं तिचं बोट ऐनवेळी वर सरकलं.

"सातवा," ती म्हणाली.

सातव्या मजल्यावर उतरून ती जिना उतरत खाली आली तेव्हा छाती धडधडत होती. नुसत्या भीतीनंच धडधडत होती, असं तिनं स्वतःला बजावलं.

बॉल बसले आणि घर गप्प झालं. आजीची खुर्ची आता बर्फावरून निघाल्यासारखी सुळकन जायची. हारिमनं सुटकेचा निःश्वास सोडला. मग सकाळी आठच्या सुमारास कचरा टाकायला जायची तिला भलतीच हौस आली. परतताना लिफ्टमध्ये इन्सू असायचाच.

"काय, टेनिस कसं चाललंय?"

"ठीक."

"मला शिकवा ना एकदा. ती नवीन पद्धत."

"तुम्हाला नाही जमायची."

"पाव देतो. गरम आहे." आणि कागदी पिशवी तिच्या हातात ठेवताना त्याची बोटं जरा रेंगाळायची... पाचवा मजला यायचा. तो उतरायचा, आणि हारिम लबाडीची शिक्षा भोगत सातव्यापर्यंत जायची. हा माणूस तिला आवडायला लागला होता. याच माणसाच्या एका तक्रारीनं आजी घराबाहेर जाणार होती. पाव हातात गरम असायचा आणि पाय गार पडलेले असायचे.

गुरुवारी तिची सुट्टी होती. अकराच्या सुमारास ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात आतून धप्प आवाज झाला.

आजी जमिनीवर पडली होती. खुर्ची हातून निसटून थेट भिंतीला जाऊन टेकली होती. "आजी!" हारिम धावली. आजीनं मनगट धरलं होतं, पाय मात्र हलत होते. "मेली खुर्चीच पळाली माझ्याआधी," आजी पुटपुटली.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दाराबाहेरच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर इन्सू दिसला. झोपेतले कपडे, केस उभे, श्वास फुललेला. ही तिसरी तक्रार. आता आजी गेली... आणि हाही गेला. ओठ घट्ट मिटून तिनं दार उघडलं.

"कोण पडलं?" त्यानं एवढंच विचारलं, चपला भिरकावल्या आणि आजीजवळ जाऊन बसला. "आजी, बोटं हलवा बघू. शाब्बास."

"तुम्हाला... कसं कळलं?"

"स्वयंपाकघर ते खिडकी अकरा वेळा सरकते खुर्ची. बॉल लावल्यापासून बारीक ऐकू येतं, पण येतं. आज सातव्या वेळेलाच धप्प झालं, आणि पुढे काहीच नाही." त्यानं मान वर केली. "चीर मारलेल्या बॉलनं टेनिस कोण खेळतं, हारिम?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सातवं बटण दाबलंत ना. माझ्या चिठ्ठीनं कुणी एवढं घाबरलं असेल... मला माझीच लाज वाटली."

आजी पडल्याचं कळून रविवारी मोठे काका येणार होते. त्याआधी इन्सूनं खुर्ची उलटी करून पुढच्या पायांचे बॉल तसेच ठेवले आणि मागच्या दोन पायांना रबराच्या टोप्या बसवल्या. "आजीचा भार मागच्या पायांवर पडतो. तिथे पकड हवी. आवाज पार घालवला, की खुर्ची निसटते. थोडा राहू द्यायचा."

"आणि तुमची झोप?"

त्यानं हसून खुर्ची सुलट केली. शनिवारी रात्रभर हारिमचा डोळा लागला नाही.

काका आले ते फळांची पेटी घेऊनच. इन्सूला पाहताच कमरेत वाकले. "पाचशेचार ना? आमच्या आईच्या खुर्चीचा फार त्रास—"

नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातून आजी निघाली. किर्रर्र...

हारिमनं इन्सूकडे पाहिलं.

"कसला त्रास?" इन्सूनं विचारलं.

"आवाजाचा."

किर्रर्र...

"कसला आवाज?"

"अहो, हा काय, आत्ता आला तो!"

"मला नाही बुवा आला." इन्सूच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "तक्रारी माझ्याच होत्या, पण चूक माझी होती. त्या मागे घेतल्यात. आणि आजी आता पडायच्या नाहीत. पाय बघा, रबर लावलंय."

काकांनी खुर्चीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "मग राहू दे तिला इथेच," ते अखेर म्हणाले.

काकांना गाडीपर्यंत सोडून दोघं लिफ्टमध्ये शिरले. इन्सूनं सातचं बटण दाबलं.

"सातवं कशाला?"

"मला जे सांगायचंय, त्याला पाच मजले पुरत नाहीत."

पण सातवा आला तरी तो गप्पच. कान मात्र लालबुंद झाले होते. हा माणूसही घाबरतो तर! दोघं जिना उतरत सहाव्यावर आले. दाराआडून आवाज येत होता. किर्रर्र...

"आजी दार उघडायला येतेय," हारिम कुजबुजली.

"दारापर्यंत किती किर्रर्र राहिले?"

"चार."

किर्रर्र... तीन. तो तिच्याकडे बघत होता. किर्रर्र... दोन. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. आजीला गमावायची भीती गेली होती, आणि तिच्या जागी ही नवीनच भीती येऊन बसली होती... किर्रर्र.

"मला तू आवडतोस!" हारिम जवळजवळ ओरडलीच.

"मलाही! कधीपासून!" त्याचा आवाज तिच्याहून मोठा निघाला.

दार उघडलं. खुर्चीच्या पाठीला धरून आजी उभी होती.

"आत या दोघं, जेवण गार होतंय," ती म्हणाली. "आणि जरा हळू बोला. शेजारी तक्रार करतील."