मधला नंबर

मरोळच्या एका औद्योगिक इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर 'वायुतारा कार्गो'ची क्रू रूम होती. खाली पुठ्ठ्याची खोकी बनायची, त्यामुळे दिवसभर खळीचा आंबूस वास. रेक्झिनचे दोन सोफे, पाणी थंड करायचं विसरलेला कूलर आणि कोपऱ्यात दर्शना ओव्हाळचं टेबल. टेबलावर फुंकायचं मशीन.

विमान उडवण्याआधी प्रत्येक पायलटला त्यात फुंकावं लागतं. दारूचा अंश नाही असं दिसलं की नंबर छापलेली पट्टी बाहेर येते. ती रजिस्टरला चिकटवायची, पायलटची सही, नर्सची सही, झालं काम. घाटकोपरच्या हॉस्पिटलात सात वर्षं पेशंटांच्या शिव्या खाल्लेल्या दर्शनाला ही नोकरी म्हणजे जिवंतपणी मिळालेली पेन्शनच वाटली होती.

जपायचं काय, तर नंबर. ते ओळीनेच हवेत. मधला एक नसला तर अर्थ एकच निघतो: कोणीतरी पिऊन आलं होतं आणि नर्सनं पट्टी फाडून त्याला सोडलं. मग नोकरी तर जातेच, दुसरीकडेही कोणी उभं करत नाही.

म्हणून त्या मंगळवारी कॅप्टन चंद्रप्रकाश सामंतांच्या ४११२ नंतर को-पायलट मिहिरची ४११४ बाहेर आली, तेव्हा तिनं दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या.

"मिहिर, दोनदा फुंकलंस का रे?"

"एकदाच गं. दोनदा फुंकायला फुप्फुसात हवा कुठाय?"

दोघं विमानाकडे गेल्यावर तिनं कचऱ्याचा डबा उपडा केला. माणसागणिक एक प्लास्टिकची नळी वापरायची, म्हणजे नळ्या दोन हव्यात. तीन निघाल्या. तिसरी आतून ओली होती. ४११३ ची पट्टी मात्र कुठेच नव्हती. मशीनच्या मेमरीत ४११३ व्यवस्थित नोंदलेला होता: वेळ दोन वाजून सात मिनिटं, दारू शून्य, फुंकर सव्वीस सेकंद. कॅप्टनची होती सहा सेकंदांची.

तिनं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. दोन वाजून सात मिनिटांनी कॅप्टन कूलरपाशी होते, मिहिर जिन्यात फोनवर, आणि ती स्वतः पाठमोरी, कपाटातून रजिस्टर काढत होती. टेबलापाशी कोणीच नव्हतं. मशीनचा हिरवा दिवा मात्र लागला, बराच वेळ तसाच राहिला आणि विझला.

हे कळवायला हवं होतं. तिनं कळवलं नाही. अर्धी भीती होती आणि अर्धी, खरं सांगायचं तर, उत्सुकता. कोडं सुटल्याशिवाय तिला जेवण जात नसे.

पुढच्या सहा आठवड्यांत आणखी चार नंबर असेच गायब झाले. तिनं तारखा भिंतीवरच्या ड्यूटीच्या तक्त्याशी ताडून पाहिल्या. तक्ता बनवायचा ऑपरेशन्स मॅनेजर निलेश. सातातले तीन पायलट सोडून गेलेले. उरलेल्या चौघांत दोन विमानं चालायची. पगार उडालेल्या तासांवर, त्यामुळे नाही कोण म्हणणार? कागदावर सगळं नियमात होतं. विमान थांबलं की विश्रांती सुरू, असा हिशेब. त्या विश्रांतीत सामंत विमानतळावरून बोरिवलीला पोचायचे, दोन घास खायचे, आणि झोप लागते न लागते तोच परत निघायचे.

पाचही नंबर एकाच प्रकारच्या दिवशी गेले होते. सामंत आणि मिहिर, दोघांचाही सलग सहावा दिवस असेल तेव्हाच.

दोघं सुट्टीवरून परतल्यावर तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "सर, परवा नागपूरला विमान कोणी उतरवलं?"

"मिहिरनं. असा टेकवलान, कळला पण नाय." सामंत हसले, मग आवाज उतरला. "खरा सांगू? माझो डोळो लागलेलो. खयं बोलू नको."

मिहिर जिन्यात भेटला. त्याला तिनं तेच विचारलं.

"सरांनी. झकास लँडिंग! मी तर यार, आडवाच झालो होतो. कोणाला बोलू नको हां."

दर्शना जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. तिनं दोघांनाही काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

त्यानंतरच्या प्रत्येक सहाव्या दिवसाला ती टेबलाच्या कडेला एक नवी नळी आधीच काढून ठेवू लागली, पाहुण्याला पाण्याचा पेला ठेवावा तशी.

मग तो शुक्रवार आला. सुट्टी पुढे ढकलल्यामुळे दोघांचाही सलग आठवा दिवस. सहाव्या आणि सातव्या दिवशीही नळी ओली झाली होती; गायब नंबर आता नऊ होते. सामंतांनी मिहिरच्या रकान्यात सही केली आणि चूक त्यांच्या लक्षातही आली नाही. मिहिरचे डोळे लाल होते.

सामंतांनी फुंकलं. ४३८७.

दर्शना मुद्दाम कपाटाकडे वळली. पाठ करून तिनं शंभरपर्यंत आकडे मोजले.

वळून पाहिलं. नळी कोरडी होती.

"दर्शना, लवकर कर ना," मिहिर म्हणाला आणि त्यानं फुंकलं.

४३८८.

इतके दिवस ज्या रिकाम्या नंबराला ती घाबरत होती, तो आज नव्हता. आज कोणी आलंच नव्हतं.

तिनं रजिस्टर मिटलं.

"मी सही करणार नाही."

निलेश आतून धावत आला. "काय झालं? माल चढलाय विमानात!"

"या मशीनचे नऊ नंबर माझ्या रजिस्टरात नाहीत. चौकशी होईपर्यंत यावरची कुठलीच टेस्ट धरता येणार नाही. दुसरं मशीन दुरुस्तीला गेलंय."

"नऊ? आणि हे तू आत्ता सांगतेस? दर्शना, वाट लागेल तुझी. कळतंय का?"

"कळतंय."

तो फोन कानाला लावून, दार आपटून खाली गेला. सामंत एका सोफ्यावर बसले ते बुटांसकट कलंडले. मिहिर दुसऱ्यावर. दोन मिनिटांत दोघंही घोरायला लागले.

दर्शनाच्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरी गेली होती. पण दोघं जमिनीवर होते.

खालचं खोक्यांचं मशीन चहासाठी थांबलं, तेव्हा तिला ते ऐकू आलं. सामंतांचं जड घोरणं, मिहिरची बारीक शिट्टी, आणि खाली, तिच्या टेबलाखाली, तिसरा श्वास. खोल, संथ, संपता न संपणारा. तिच्या पावलांवर ऊन हवा येत होती.

ती हलली नाही.

टेबलावरचा फोन वाजला. सोफ्यांवरचे दोघं त्याच लयीत घोरत राहिले. टेबलाखालचा श्वास मात्र दचकून अडखळला.

दर्शनानं रिसीव्हर उचलून हळूच बाजूला ठेवला. पायांशी कोणीतरी कूस बदलली.