विषय क्रमांक नऊ

चंद्राच्या पोटातल्या त्या खाण-वसाहतीत श्वास घ्यायलाही प्रकाश लागे. प्रत्येक माणसाच्या खोलीच्या भिंतीत हवा सोडणारी एक प्राणझडप होती. प्रकाशतंतूतून येणारा संकेत दिसत राहिला तर ती उघडी राही; दिसेनासा झाला की ‘आग लागली’ असं समजून मिटे. ही योजना सुरक्षिततेसाठी होती आणि तिने आजवर फक्त दोघांना मारलं होतं.

त्या दिवशी भोजनकक्षात सर्वसाधारण सभा भरली. समिंद्रा या खाणकामगार बाईला कळा सुरू झाल्या होत्या आणि तिला तिथल्याच एका टेबलावर निजवलं होतं. वसाहतीतली विरळ हवा नवजात फुप्फुसांना पुरत नसे, म्हणून बाळाला स्वतंत्र प्राणपेटी हवी होती. पेटी तिथेच आणून ठेवली होती, तिची झडपही होती. जोडायला तंतू नव्हता.

“एका तंतूचा प्रकाश काचेच्या विभाजकात जातो,” जाळ्याची अभियंता यामिनी धोत्रे समजावत होती. “तिथे त्याचे चौसष्ट सारखे वाटे होतात. एक वाटा झडपेला जेमतेम दिसतो.”

“मग कुणाच्यातरी तंतूला फाटा काढा,” अध्यक्ष दिगंबर काळसेकर म्हणाले.

“त्याला निम्मा, बाळाला निम्मा. निम्म्यात कुठलीच झडप उघडत नाही. दोघंही जातील.”

“म्हणजे मर्यादा चौसष्ट माणसांची.”

“यंत्रांची. त्यावरच माझी एक सूचना—”

“बाई, सूचना विषय क्रमांक नऊमध्ये. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. आपण अजून चारवर आहोत.”

विषय क्रमांक चार होता: एक सभासद कमी करणे.

समिंद्राचा नवरा सुभान उठला. “मी जातो. माझी झडप पोराला द्या.”

“अरे सुभान, थांब जरा,” यामिनी म्हणाली.

“विषय नऊ,” काळसेकर म्हणाले.

“सूचक कोण? अनुमोदक?” सचिव टिळव्यांनी विचारलं. “स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही.”

“मग मी टिळव्यांचं सुचवतो,” मागून लोहार म्हणाला. “घोरतात. शेजारी मी राहतो.”

“अनुमोदन,” तीन आवाज आले.

टिळव्यांनी इतिवृत्त बाजूला ठेवलं, पाण्याचा स्टीलचा जग उचलला आणि लोहाराच्या कपाळात घातला. कवटी फुटल्याचा आवाज झाला. लोहाराच्या भावाने टिळव्यांच्या पोटात खडक पोखरायच्या छिद्रकाचं पातं घातलं. टिळवे “हरकत आहे” एवढं म्हणून बसले, ते बसलेच. मग कुणाच्या हातात पहार आली, कुणाच्या हातात बाक. जुनी भांडणं निघाली. कुणी कुणाचा मोजा लांबवला होता, त्याचा जबडा मोडला. आचाऱ्याने मिठावरून बोलणाऱ्या दोघांना उकळत्या आमटीत बुडवलं आणि तिसऱ्याकडे वळताना स्वतः पहारीखाली आला. सुभान समिंद्राच्या टेबलासमोर हात पसरून उभा राहिला. एक पहार, जी त्याच्यासाठी नव्हतीच, त्याच्या गळ्यातून आरपार गेली.

भिंतीवरच्या मोठ्या सूचनाफलकावर हिरव्या अक्षरांत ‘सभेत शांतता राखावी’ झळकत होतं.

राखली गेली. उभं कुणीच नव्हतं. यामिनी समिंद्राच्या टेबलाखाली होती. काळसेकर व्यासपीठाखालून बाहेर आले, कपड्यांवरची आमटी झटकली आणि घंटा वाजवली.

“विषय चार संपला. आता प्रकाश भरपूर उरला असेल.”

“काहीच उरला नाही,” यामिनी म्हणाली. तिच्या हातात नुकतंच जन्मलेलं पोर होतं, निळं पडत चाललेलं. “काच मढी मोजत नाही. मेलेल्यांच्या खोल्यांतही प्रकाश जातोय. झडपा उघड्याच आहेत, रिकाम्या खोल्यांना हवा देतायत.”

“इतकी माणसं गेली तरी चौसष्टच?”

“यंत्रं चौसष्ट. माणसं पहिल्यापासून त्रेसष्ट होती.”

काळसेकरांनी मनात मोजलं. मग पुन्हा मोजलं. “मग चौसष्टावं काय?”

यामिनीने पोराला पेटीत ठेवलं, हात लांब करून सूचनाफलकाचा तंतू उपटला आणि पेटीच्या झडपेत खुपसला. फलक विझला. झडप उघडली. पोर गुलाबी झालं आणि रडायला लागलं.

काळसेकरांनी विझलेल्या फलकाकडे पाहिलं.

“हे आधी सांगायचं होतं,” काळसेकर म्हणाले.

“विषय क्रमांक नऊ होता, अध्यक्ष.”

समिंद्रा टेबलावरून उतरली. सुभानच्या गळ्यातली पहार तिने दोन्ही हातांनी हळूहळू ओढून काढली, त्याला दुखू नये अशा बेताने.

“अध्यक्षांना कमी करावं, असं मी सुचवते.”

“तसं करून काय मिळणार?” काळसेकर मागे सरकत म्हणाले. “तुझ्या पोराला हवा मिळाली. बाईंनी आत्ताच सांगितलं, माणूस मारून प्रकाश वाढत नाही.”

“कवडीचाही नाही,” यामिनी म्हणाली, आणि अनुमोदनासाठी हात वर केला.