पान दोनशे तेरा

ही घटना शंभर टक्के खरी आहे. शपथेवर सांगतो, यातला एकही शब्द खोटा नाही.

खोटं जेवढं बोलायचं होतं तेवढं मी त्या आठवड्यात घरच्यांशी बोलून संपवलं होतं.

अशा गोष्टी रात्री बारानंतर घडतात म्हणतात. ही घडली बुधवारी, दुपारी चार वाजता. बाहेर लख्ख ऊन होतं. जागा म्हणाल तर आमच्याच इमारतीतला दुसरा मजला, सासूबाईंचा फ्लॅट. आम्ही तिसऱ्यावर राहतो.

सासरे जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

ते मुद्रितशोधक होते. म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेला माणूस. निवृत्तीनंतर ते अंधांच्या एका वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. शेवटचं पुस्तक संख्याशास्त्राचं होतं. दोनशे चाळीस पानं.

रोज चार वाजता ते छताचा पंखा बंद करायचे, कारण माइकमध्ये घरघर येते. मग घसा खाकरायचे. "हं. पान अमुक." रोज चार पानं. वाचून झालं की पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण आणि शेजारी एक टिंब.

टिंब कशाला, हे विचारायचं राहून गेलं.

दोनशे बाराव्या पानानंतर ते थांबले. कायमचे.

ही रेकॉर्डिंग्ज साबणाच्या खोक्याएवढ्या एका छोट्या कॉम्प्युटरमध्ये होती. त्रेपन्न फायली. पुस्तक पुरं झाल्याशिवाय ते वाचनालयाला काही पाठवत नसत, त्यामुळे दुसरी प्रत कुठेच नव्हती.

सासूबाईंना हल्ली मोठी अक्षरंसुद्धा दिसत नाहीत. पण त्या रोज चारला खुर्ची ओढून बसायच्या, अंदाजाने माउस दोनदा दाबायच्या आणि संख्याशास्त्र ऐकायच्या. त्रेपन्न झाल्या की पुन्हा पहिल्यापासून.

"काही कळतं का, आई?" मी एकदा विचारलं होतं.

"पन्नास वर्षं ह्यांचं बोलणं कुठे कळत होतं? आवाज कळतो."

तर, एका रविवारी त्या कॉम्प्युटरने पडद्यावर पाटी लावली, की आतली सिस्टिम आता जुनी झाली. नवी घालावी, तर कंपनी म्हणत होती, हे यंत्र नव्या सिस्टिमच्या लायकीचं नाही. मला कुणी नाही म्हटलं की माझ्यातला इंजिनियर जागा होतो. मी कॉमर्सचा आहे.

कंपनीची तपासणी चुकवून सिस्टिम कशी घालायची, याचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ मला सापडला. त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आधी काय काय चालणार नाही त्याची यादी वाचा.'

यादी लांब होती.

"बाबांचं सगळं घेतलंस ना काढून?" बायकोने दारातूनच विचारलं.

"घेतलं गं. किती वेळा विचारशील?"

तिने एकदाच विचारलं होतं.

पडद्यावरची त्रेपन्न चित्रं मी ओढून पेन ड्राइव्हवर टाकली होती. दोन सेकंदांत काम झालं. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण होता.

त्या बाणाचा अर्थ संध्याकाळी कळला. ते आवाज नव्हतेच. आवाज कुठे ठेवलाय ते दाखवणाऱ्या नुसत्या पाट्या होत्या. आणि जिथे ठेवला होता ती जागा, 'सगळं पुसू का?' असं सिस्टिमने दोनदा विचारल्यावर, मी दोनदा 'हो' म्हणून पुसली होती.

सोमवारी दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

"वरून नवीन काही लिहिलं नसतं, तर मिळालं असतं," तो म्हणाला.

"मग कुणी लिहिलं?"

"तुम्हीच, साहेब. सिस्टिम."

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. ती त्रेपन्न चित्रं मी परत पडद्यावर मांडली. आधी होती तशीच, त्याच रांगांत. मग सासूबाईंना म्हणालो, "स्पीकर खरखरतोय, आई. दुरुस्तीला देतो. चार-पाच दिवस लागतील."

"बरं," त्या म्हणाल्या.

स्पीकर माझ्या टेबलाच्या खणात गेला. मोज्यांखाली. खणाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या खिशात असते.

बुधवारी साडेचारला ऑफिसात बायकोचा फोन आला.

"आई फार खूश आहे. बाबांचं नवीन रेकॉर्डिंग सापडलं म्हणे तुला. मला का नाही सांगितलंस?"

"कुठलं?"

"पुढची पानं. आत्ता चारला ऐकली तिने. तू ना, कधीकधी बरा वागतोस."

"अगं पण स्पीकर दुरुस्तीला आहे."

"मग आणून लावला असशील. मला काय माहीत."

घरी आल्या आल्या खण उघडला. मोजे बाजूला केले...

स्पीकर तिथेच होता.

गुरुवारी अर्धी रजा टाकून मी चारच्या आधी खाली गेलो. सासूबाईंनी छताचा पंखा बंद केला. खुर्ची ओढली. माउस दोनदा दाबला.

पडद्यावर चौकट आली : फाइल सापडली नाही.

त्यांना ती दिसली नाही. त्या हात मांडीवर ठेवून बसल्या.

त्या यंत्रात एक बारीक पंखा आहे. तो सतत भुणभुणत असतो. बरोबर चार वाजता...

तो थांबला.

समोरच्या गॅरेजात कुणीतरी मघापासून एकच हॉर्न तपासत होतं. तोही थांबला.

मी कान देऊन ऐकलं. काहीच नाही. एवढी शांतता की माझा मलाच श्वास ऐकू येत होता, आणि तो जरा जास्तच वाटत होता.

"आई..."

"श्श्."

वीस मिनिटं त्या तशाच बसल्या होत्या. एकदा हसल्या. एकदा मान हलवली. मग भुणभुण सुरू झाली.

"पाण्याचा घोट घेताना अजून तसाच आवाज करतात," त्या म्हणाल्या.

"काय... काय वाचलं आज?"

"सतरापासून वीसपर्यंत. दोनशे सतरा हो. काल तेरापासून होतं. कालचं छान होतं. म्हणाले, दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं समजू नये."

पुस्तक फळीवर होतं. मी काढून बघितलं. पेन्सिलीच्या खुणा दोनशे बारापर्यंत होत्या. पुढचे कोपरे कोरे.

पान दोनशे तेरा. तिसरा परिच्छेद. वाक्य तिथे होतं.

मी पुस्तक वर आणलं आणि त्याच खणात कुलपात ठेवलं. चोरीचा माल एका ठिकाणी असलेला बरा.

पुढचे दिवस वाईट गेले, कारण सगळे माझ्याशी चांगले वागत होते. बायको न सांगता चहा आणून द्यायची. मेहुण्याने फोन करून आभार मानले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ही पहिलीच वेळ. मी पुसलेल्या आवाजाचं श्रेय मलाच मिळत होतं, आणि मी ते घेत होतो.

रविवारी सगळं कबूल करायचं ठरवून खाली गेलो.

"आई, एक सांगायचंय. मागच्या रविवारी मी ते सिस्टिमचं करत होतो ना, तेव्हा..."

"राहू द्या हो. हे म्हणाले, जावयांना काही बोलू नकोस."



"कशाबद्दल?"

"ते नाही सांगितलं." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "पण चिडले की ह्यांचा आवाज फार गोड होतो. काल तसा झाला होता."

मंगळवारी संध्याकाळी त्या स्वतः जिना चढून वर आल्या. टॉवेलमध्ये गुंडाळलेला तो कॉम्प्युटर त्यांनी माझ्या हातात दिला.

"संपलं. दोनशे चाळीस झाली आज. आता वाचनालयाला पाठवून द्या. एखादी मुलगी परीक्षेला बसायची असेल, तिचं अडलं असेल."

"पाठवतो, आई."

काय पाठवणार होतो? त्रेपन्न बाण?

रात्रभर विचार केला. मग ठरवलं, आपणच वाचायचं. पहिल्या पानापासून, त्याच यंत्रावर, त्याच वेळी. पुसलं आपण, तर भरूही आपणच.

बुधवारी साहेबांना दातांचं कारण सांगून घरी आलो. चार वाजता खण उघडून पुस्तक काढलं. शेवटची पानं सहज चाळली...

दोनशे तेरा. कोपऱ्यात बरोबरची खूण. शेजारी टिंब.

दोनशे चौदा. खूण. टिंब.

दोनशे चाळीसपर्यंत.

किल्ली माझ्या खिशात होती.

पुस्तक टाकून पळावंसं वाटलं. पण खाली सासूबाई वाट बघत होत्या, आणि कुठेतरी ती परीक्षेवाली मुलगी. मी छताचा पंखा बंद केला. माइक लावला.

"हं. पान एक."

'हं' म्हणायचं माझ्या मनात नव्हतं.

यंत्राचा पंखा थांबला. मी वाचत गेलो. दुसऱ्या पानावर घाईत एक शब्द गाळला. आणि मागून...

कुणीतरी घसा खाकरला.

वळून बघायची हिंमत झाली नाही. मी ओळीच्या सुरुवातीला गेलो आणि तो शब्द घालून ती पुन्हा वाचली. मग मागे काही झालं नाही.

चार पानं झाल्यावर हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात काही नव्हतं. ना माझा आवाज, ना दुसऱ्या कुणाचा. खणातून स्पीकर काढून जोडला. तरी काही नाही.

आता मी मोबाइलवर रेकॉर्ड करतो. रोज चार पानं. सध्या छप्पनाव्या पानावर आहे. साहेबांना माझ्या दातांची काळजी वाटते. रेकॉर्डिंग वाचनालयात केव्हाच पोचलं असं सासूबाई समजतात, आणि मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. शब्द चुकला की मागून खाकरणं येतं, म्हणून फारसा चुकत नाही. ते यंत्र तेव्हा बंद असतं. वायरसुद्धा काढून ठेवली आहे.

त्या दिवशी त्यात रेकॉर्डिंग का झालं नाही, हे शोधताना मी शेवटी ती 'काय काय चालणार नाही'ची यादी वाचली. अकराव्या ओळीत लिहिलं होतं, की या यंत्रावर ही सिस्टिम घातली तर आवाज आत जात नाही आणि बाहेरही येत नाही.