वढ्यात लिहिलेलं पान

लाईट गेली तर गेली, बसा असे जवळ. ही गोष्ट उडत उडत ऐकलेली न्हाई. आमच्या पोखर्णीच्या दिनकरराव मास्तरावर बेतलेली हाय, अन् त्यानं सोता मला सांगितलेली. मास्तर खोटं बोलणारा माणूस नव्हता. जन्मात एकदाच बोलला. ते बी सांगतो.

चोपन्न सालची चैत्री अमावस्या. वार आइतवार. मास्तर सकाळीच परभणीला गेला हुता, कागदाचा दस्ता अन् शाईची बाटली आणायला. पंधरा दिवसांवर नृसिंहजयंती आलेली. त्या राती देवळापुढं भुजंगावर नाटक लावायचं गावानं ठरवलं हुतं, अन् लिहिणार मास्तर.

भुजंग आमच्याच गावचा गडी. निजामाच्या राज्यातल्या शेवटच्या उन्हाळ्यात तो अन् मास्तर रातचे निजामाशी लढणाऱ्यांच्या, सरहद्दीपल्याडच्या कॅम्पात चिठ्ठ्या नेत. एका राती बाभळीच्या वढ्यात निजामाच्या शिपायांची गोळी लागून भुजंग मेला. मास्तर एकटाच परत आला. "जयहिंद म्हणून पडला," असं त्यानं गावाला सांगितलं. सहा वर्सं गाव तेच सांगत आलं.

नाटक झरझर उतरलं. पण वढ्याचा परवेश आला, अन् टाक थांबला तो थांबलाच. दीड महिना! एक ओळ लिहायची, फाडायची. परत लिहायची, परत फाडायची. बायको मनकर्णा म्हणली, "चार घास खा तरी," तर ताट ढकललं. भुजंगाचं काम करणारा सुग्रीव रोज दारात उभा. "मास्तर, मरताना मी काय बोलायचं?" एक दिवस मास्तर खवळला. "गप मर!" म्हणला अन् शाईची दऊत भिंतीवर फेकून मारली. म्हणून तर परभणीची खेप.

येताना लारी चुकली. ओळखीच्या दुकानदाराचा कंदील मागून घेतला अन् पायीच निघाला. वाटेवरच्या त्याच बाभळीच्या वढ्यात पोचला तवा बारा वाजून गेले असतील. पाणी आटलेलं, नुस्ती वाळू. तितं मास्तरच्या डोक्यात सणक गेली. 'इथंच लिहितो. बघतो कसं सुचत न्हाई!' बसला वाळूत. दस्ता मांडीवर घेतला, बाटली उघडली, खिशातला टाक काढला.

'जयहिंद! माझ्या रक्ताच्या थेंबाथेंबातून...' खोडलं. परत तेच. खोडलं. तिसऱ्या बारीला कागद टराटरा फाडला अन् वरडला, "आरं, काय बोलवू मी तुला?"

वढा गप.

रातकिडे बी गप.

मग पाठीमागून, अगदी कानाजवळ...

"दिनकर, लिवलंस का?"

मास्तरला नुस्तं दिनकर म्हणणारं गावात कुणी उरलं नव्हतं. त्याची मान वळंना.

"काय... काय लिहू?"

"म्या म्हणलो ते."

"जयहिंद..."

"न्हाई."

कंदिलाची वात थरथरायली. वारा नव्हता.

"लिव. 'दिनकर, मला टाकून जाऊ नगं.'"

"म्या ऐकलं न्हाई रे... आईची आन..."

"ऐकलंस. मागं वळून बघितलंस."

मास्तरानं टाक शाईत बुडवला.

"अन् पळालास. लिव."

मास्तर लिहायला लागला. रडत लिहिलं. पान भरलं तवा तांबडं फुटायलं हुतं. मागं त्यानं बघितलं न्हाई. बघवलंच न्हाई.

नाटक झालं. पळणाऱ्याचं काम मास्तरानं सोता केलं, सोताच्या नावानं. कुणी टाळी वाजवली न्हाई. कुणी दगड बी मारला न्हाई. त्याच्या फुडं मास्तरानं लय लिहिलं, टाक कदी अडला न्हाई.

पण त्या सकाळचं सांगायचं ऱ्हायलंच की. मास्तर घरी न जाता सरळ भुजंगाच्या आईकडं गेला, चतुराबाईकडं. मी शेजारचाच. अंगणात गाय पिळत हुतो, समदं डोळ्यानं बघितलं.

"मावशी, तुमी नगं म्हणलं तर ह्ये चुलीत घालतो," म्हणला अन् त्यानं पान वाचून दाखिवलं. जसं झालं तसं. म्हातारी म्हणली, "लेकरू भ्यालं हुतं माजं. सहा वर्सांत कुणीच सांगितलं न्हाई मला... लाव तुझं नाटक."

तिला वाचता येत नव्हतं. तरी तिनं पान हातात घेतलं. खालच्या अंगाला बघत ऱ्हायली.

"ह्यो कुणाचा?"

पानाच्या शेवटी शाईचा आंगठा उठलेला. ठसठशीत. मास्तरानं आपला आंगठा त्याच्यावर धरून बघितला. त्याचा बारका.

भुजंगाला सही येत नव्हती, पोरांनो. एवढ्या चिठ्ठ्या नेल्या, एक वाचता आली न्हाई त्याला.

म्हातारीनं त्या ठशावरनं बोट फिरवलं. ठशाच्या मधोमध एक आडवी रेघ हुती. शाई न लागलेली. पांढरी.

"गवत कापताना इळा लागला हुता," ती म्हणली. "सात वर्साचा असताना."