न लागलेला ठसका

शेवगावच्या बाजारात मच्छिंद्रचा विषय निघाला की लोक हटकून म्हणत, दोस्ती करावी तर अशी. गोरक्ष जर्मनीला गेल्यापासून त्याच्या आईला, राहीबाईला, रॉकेल आणून देण्यापासून ते पोराची पत्रं वाचून दाखवण्यापर्यंत सगळं मच्छिंद्रच करायचा. दिवसभर आडतीवर ज्वारीची पोती तोलायची आणि घरी जाताना तिच्या ओट्यावर टेकायचं, हे ठरलेलं.

पण पोटातलं कुणाला दिसतं? दोघं मॅट्रिकपर्यंत एका बाकावर बसलेले. गणितात मच्छिंद्र कायम वरचढ. गोरक्ष त्याचंच बघून उतरवायचा. एका जर्मन कारखान्याला लेथचं काम शिकायला पोरं हवी होती, तेव्हा मुलाखतीसाठी दोघं एकाच एस.टी.नं नगरला गेले. उसाचा रस प्याले तोही मच्छिंद्रच्या पैशानं. आणि निवड झाली गोरक्षची! त्या दिवसापासून मच्छिंद्रचा जो जळफळाट सुरू झाला, तो थांबेना. तिकडे बर्फ पडतो हे पत्रातून वाचून दाखवतानासुद्धा त्याच्या अंगाची लाही व्हायची.

सत्तर सालच्या डिसेंबरात पत्र आलं. एकोणीस तारखेला, शनिवारी दुपारी आमच्या वर्गाचा निरोपाचा सोहळा आहे. सहा देशांची पोरं आहेत. मी पहिला आलो. फेटा बांधून आपल्या भाषेत दोन शब्द बोलायचे आहेत. एक गोष्ट जाहीरही करायची आहे, ती आल्यावर सांगेन.

"वाच, परत वाच," राहीबाई म्हणाली. मच्छिंद्रनं परत वाचलं. दात आवळूनच वाचलं म्हणा ना.

"परमुलखात समद्यांच्या नजरा पोरावर," ती म्हणाली. "शनवारी दिवेलागणीला दृष्ट काढते त्याची. तिथं तवा दुपार आसती म्हनं."

"पर मावशी, तो हितं कुठं हाय?"

"त्याच्या जागी तू बस. एका वर्गातले तुमी. तुज्यात आन त्याच्यात काय फरक हाय?"

शनिवारी तिनं मच्छिंद्रला पाटावर बसवून गोरक्षची जुनी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. शेगडीत निखारे फुलले होते. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत धरून तिनं ओवाळायला सुरुवात केली. घरच्याची, दारच्याची, आल्यागेल्याची, इडापिडा टळो. तिच्या बांगड्या त्याच्या कानाशी वाजत होत्या. आणि टोपीखाली मच्छिंद्र ओठ मिटून मनातल्या मनात म्हणत होता, आता उभा राहशील ना बोलायला? ठसका लागो तुला. एक शब्द फुटू नये.

राहीबाईनं मूठ शेगडीत टाकली. मोहरी तडतडली. मिरच्या काळ्या झाल्या, मग त्यांची राख झाली. ठसका म्हणून कुणाला लागला नाही. शेजारची रंगुबाई दारातून डोकावली आणि गालाला हात लावून उभी राहिली. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. मच्छिंद्रनं शेगडीवर वाकून मुद्दाम श्वास ओढला. साधा धुराचासुद्धा वास आला नाही.

"गेली," राहीबाई म्हणाली. "लई लागली हुती. समदी गेली."

गोरक्ष फेब्रुवारीत परत आला. दुपारची वेळ होती. शाळेच्या वर्गातले सहादेव, काकासाहेब आले, रंगुबाई आली, राहीबाईनं शेव-चिवड्याच्या ताटल्या मांडल्या. गोरक्षनं सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणला होता. तो सतरंजीवर ठेवलेला पाहून मच्छिंद्र पुन्हा जळला. असली वस्तू आपल्या हाती यायला हवी होती.

"बक्षीस दाखव की," सहादेव म्हणाला.

"बक्षीस कसलं! सोहळाच मोडला." गोरक्ष हसला, पण डोळे हसले नाहीत. "पहिल्या आलेल्यानं फुडच्या वर्गासाठी आपल्याकडचा एक जन सांगायचा, आशी तिथली रीत. तेवढं नाव मी सांगनार हुतो. टेप चालूच हुता, ऐका."

त्यानं खटका दाबला. टाळ्या, खुर्च्यांचे आवाज, कुणीतरी हसलं. मग गोरक्षचा आवाज, शाळेत कविता म्हणायचा तसा ताठ. "माझ्या गावी माझा एक वर्गमित्र आहे. माझ्याहून हुशार. त्याचं नाव..."

आणि ठसका लागला. त्याला लागला, मग शेजारच्याला, मग साऱ्या खोलीला. खुर्च्या पडल्या. कुणीतरी परक्या भाषेत ओरडलं.

मच्छिंद्रच्या हातातला चिवडा हातातच राहिला. 'माझ्याहून हुशार' म्हणजे कोण, हे त्याला कळायचं राहिलं नव्हतं.

"डोळ्यांत तिखट गेल्यागत झालं," गोरक्ष सांगत होता. "मास्तरनं खिडक्या उघडल्या तर बर्फ आत आला. पांगापांग झाली. नाव ऱ्हाऊनच गेलं, आन ती जागा दुसऱ्या मुलखाच्या पोराला मिळाली."

"शनवारी ना रं?" राहीबाईनं विचारलं.

"शनवारीच की, आई. दुपारी."

हातातली ताटली तिनं हळूच खाली ठेवली.

"आता फुडं ऐका," गोरक्ष म्हणाला.

खोकल्यांच्या तळाशी बांगड्या वाजत होत्या. मग राहीबाईचा आवाज आला. घरच्याची, दारच्याची, आल्यागेल्याची. रंगुबाईनं पदर तोंडाला लावला.

मग एक पुरुषी आवाज. अगदी जवळून आलेला.

"ठसका लागो तुला. एक शब्द फुटू नये."

शब्द आपले, हे मच्छिंद्रला लगेच कळलं. पण आवाज? बारीक, नाकातला, जन्मात कधी न ऐकलेला. त्याला सुटल्यासारखं झालं.

"हा कोन?" त्यानं विचारलं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. आपला आवाज दुसऱ्यांना कसा ऐकू येतो, हे बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? त्यानं आजवर टेप ऐकलाच नव्हता. सहादेवनं त्याच्या मांडीला लागलेली आपली मांडी काढून घेतली.

"वर्गात मराठी मी एकटाच हुतो," गोरक्ष खाली बघत म्हणाला. "धा येळा ऐकलं. म्हनलं, आपलीच चूक होत आसंल."

त्यानं टेप बंद केला. सेल काढून सतरंजीवर ठेवले.

राहीबाई उठली. मुठीत मीठ-मिरच्या घेऊन आली आणि तिनं चहाच्या शेगडीजवळ पाट मांडला.

"बस."

"मला कशाला, मावशी?"

"तुजीच तुला लागली, लेकरा."

तो बसला. तिनं ओवाळलं आणि मूठ शेगडीत टाकली.

मिरच्या काळ्या झाल्या. त्यांची राख झाली.

कुणालाच ठसका लागला नाही. मच्छिंद्रनं तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

सतरंजीवर टेपरेकॉर्डर होता. चाकं थांबलेली. सेल शेजारी पडलेले.

टेपरेकॉर्डरच्या आतून कुणीतरी ठसकलं. मग पुन्हा. बारीक, नाकातला आवाज.

हा कोण, हे मच्छिंद्रनं या खेपेला विचारलं नाही.