वरच्या तांड्याची खानेसुमारी

एकाहत्तरच्या खानेसुमारीत गोरेगावच्या मास्तर लोकांनी गावातली घरं आपसांत वाटून घेतली, आणि उरला तो डोंगरावरचा तांडा शाळेतल्या नव्या बाईंच्या, पद्माबाईंच्या, वाट्याला आला. मागच्या खेपेला मोजायला वर कुणी चढलंच नव्हतं. पायथ्याच्या सावलीत बसून अंदाजानं आकडा टाकला होता, आणि त्या आकड्यात ना शाळा बसत होती ना विहीर.

"बाई, औंदा एक बी माणूस सुटू देऊ नका," न्यायला आलेला तांड्याचा नायक किसनसिंग म्हणाला. "आमी हावोत, एवढं तरी सरकारला कळू द्या."

"अन् तुमी लपवू नका म्हंजे झालं," बरोबरीला दिलेला कोतवाल जळबा म्हणाला. "तांड्यातलं कोंबडं मोजायला गेलं तर ते बी पळतंय."

घरातून निघताना पद्माबाईंनी तान्ह्याला पोटभर पाजलं आणि सासूच्या, केशरबाईंच्या, मांडीवर ठेवलं. लेकरानं पदर मुठीत धरून ठेवला होता. एकेक बोट हळूच सोडवावं लागलं.

वाट नाल्याच्या कोरड्या पात्रातून वर चढत होती. दोन्ही बाजूंना पानं झडलेला साग आणि पायाखाली गुडघाभर वाळका पाला. पाऊल टाकलं की असा आवाज व्हायचा, जणू सगळा डोंगर पापड मोडतोय. एका वळणावर किसनसिंगनं हात आडवा केला. समोर मोहाखाली अस्वल फुलं खात होतं! तिघं दगडासारखी उभी राहिली. अस्वलानं मान वर केली, हुंगलं, आणि पुन्हा फुलांत तोंड घातलं.

"त्याला बी मोजायचं का?" जळबा कुजबुजला. तो मात्र किसनसिंगच्या मागं सरकला होता.

तांड्यावर पोचून पद्माबाईंनी घरोघर फिरून माणसं लिहिली. शेवटचं घर जमनाबाईचं. मागं कडब्याचं खोपट, त्यापलीकडं रान.

"लेकरं किती?"

"एक पोरगी."

"अजून?"

"न्हाई." जमनाबाईनं एकदा खोपटाकडं पाहिलं आणि झटकन घागर उचलली. "ऊन लागलं असंल तुमाला. झिऱ्याचं ताजं पाणी आणते."

तिची चोळी छातीशी ओली होती. घाम असेल, असं पद्माबाईंना वाटलं.

मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून द्यायची तांड्याची जुनी रीत. जाळ झाडाभोवती फिरायचा आणि आपोआप विझायचा. आज वारा फिरला. आधी वास आला, मग धूर, मग तडतड. बघता बघता उतारावरून जाळाची ओळ तांड्याकडं सरकू लागली.

"नांगरटीत चला! सगळे नांगरटीत!" किसनसिंग ओरडला.

म्हातारी, गुरं, लेकरं, सगळी नांगरलेल्या शेतात धावली. तिथं जळायला काहीच नव्हतं. पद्माबाईंनी कागदाबरहुकूम माणसं ताडून पाहिली. जमनाबाईखेरीज सगळी होती.

"ती झिऱ्यावर हाय, पाण्याशी," किसनसिंग म्हणाला. "तिला तकलीफ न्हाई."

म्हणजे हिशेब बराबर होता. पद्माबाईंनी श्वास सोडला, आणि तेवढ्यात त्यांना पान्हा फुटला. घरी लेकरू जागं झालं असेल. चोळी छातीशी ओली झाली. जमनाबाईची होती तशीच.

"नायक, जमनाबाईला अंगावर पिणारं लेकरू हाय का?"

किसनसिंग अडखळला. "हाय. दोन पोरगे गेले तिचे, हे तिसरं पोरगं. मोजलं की नजर लागती म्हणती. पर ते तिच्या पाठीशीच असतंय."

"पाठ मोकळी होती तिची. ते खोपटात हाय!"

पद्माबाई पळत सुटल्या. मागून जळबा हाका मारत होता. खोपटाचा एक कोपरा पेटला होता. आत धूर. डोळ्यांना काही दिसेना. हात चाचपडत गेले. दोरी लागली. झोळी लागली. आत ऊब होती, आणि खोकल्याचा बारीकसा आवाज. त्यांनी लेकरू पदरात गुंडाळलं.

बाहेर आल्या तर नांगरटीची वाट जाळानं बंद! किसनसिंग धापा टाकत पोचला होता.

"पुढं चला, बाई. जाळ ओलांडून. पल्याड समदं जळून गेलंय, तिथं पुन्हा पेटायचं न्हाई."

जाळाची ओळ बुटकी होती, तरी तीन-चार हात रुंद. पायातल्या चपला मघाच पळताना तुटून गेल्या होत्या. खांद्याला कागदांची पिशवी होती. सगळा तांडा तिच्यात होता. पद्माबाईंनी ती विस्तवावर टाकली, तिच्यावर पाय दिला आणि पलीकडं झेप घेतली.

काळ्या भुईवर तळवे भाजत होते. मग एक मोठा गार खडक सापडला. लेकरू आता जोर काढून रडायला लागलं. किसनसिंगनं पाठ फिरवली, आणि पद्माबाईंनी लेकराला पाजायला छातीशी घेतलं. त्याची मूठ पदरावर आवळली.

जाळ ओसरल्यावर झिऱ्याकडून जमनाबाई धावत आली. ते दृश्य पाहून जागच्या जागी थांबली. तिनं लेकरू हिसकावलं नाही. जवळ बसली आणि त्याचं पोट भरेपर्यंत त्याच्या पायावर हात ठेवून राहिली.

खाली चार-दोन खोपटं अजून धुमसत होती. बाया राखेतून भांडी ओढत होत्या.

"कागद गेले, नायक," पद्माबाई म्हणाल्या. "घरं बी गेली तुमची."

"घरं पुन्हा बांधू. तुमाला माणसंच मोजायची ना? आमी हावोत की."

"पाय बरा झाला की येते. पहिल्यापासून लिहू."

जमनाबाईनं लेकरू घेतलं, आणि पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्यांत पाहिलं.

"आल्यावर आमच्या घरापासून धरा," ती म्हणाली. "एक पोरगी, एक पोरगं. पोराचं नाव अमरसिंग."

मग नजर लागू नये म्हणून तिनं पायाखालची राख बोटानं उचलली आणि त्याच्या गालाला लावली. थोडी पद्माबाईंच्या हातावरही लावली.

"ही तुमच्या लेकराला," ती म्हणाली.